राख किती?

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता. रानभाज्यांच्या पानासाठी कडू करांद्याची पाककृती हवी. साहित्य, कृती, एक टीप, एक फोटो. सगळं मिळून अडीचशे शब्द. मी लगेच हो म्हटलं. आईची सगळी नोकरी कर्जत तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत गेली, आणि शाळेमागच्या ठाकरवाडीवर राहणाऱ्या एका आजींच्या हातचे करांदे मी लहानपणी खाल्ले होते. बसल्या बैठकीला साहित्य लिहून काढलं : कडू करांदे, मीठ, पाणी, चुलीतली राख. राखेपुढे प्रमाण लिहायची वेळ आली आणि पेन थांबलं.

म्हणून पौषातल्या एका शनिवारी आम्ही तिघं वाडीवर गेलो. आई, मी आणि मामा. मामा एका खाद्यपदार्थांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालाय. त्याच्या पिशवीत वजनकाटा आणि पीएच कागदाची गुंडाळी होती, आईच्या पिशवीत आजींसाठी चहा-साखर. दोघांचं भांडण कर्जत सोडतानाच जुंपलं होतं.

"तू हे छापूच नकोस," आई मला म्हणाली.

"का? तुझ्याच शाळेतल्या पोरांच्या घरचं अन्न आहे ते," मामा म्हणाला. "ताई, जे कागदावर नाही ते पन्नास वर्षांत जातं."

"जाऊ दे. कागद वाचून कुणी तरी जाण्यापेक्षा बरं."

ज्यांनी करांदा फक्त रस्त्याकडेला पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. थंडीत अलिबाग-वसईकडे उकडलेले करांदे विकायला बसतात ते गोड. बटाट्यासारख्या, खरबरीत तपकिरी सालीच्या या गाठी वेलीवर, पानाच्या बेचक्यात लागतात. जमिनीखाली कंद असतो तो वेगळा. रानातला करांदा त्याच जातीचा, शास्त्रीय नावही तेच, डायोस्कोरिया बल्बिफेरा. पण कडू जहर. आयुर्वेदात वाराहीकंद म्हणतात तो हाच, असं बरेच जण मानतात. रानडुकरं तो उकरून काढतात, त्यावरून ते नाव पडलं असं म्हणतात. माणसाला मात्र तो नुसता उकडून खाता येत नाही. चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात शिजवायच्या, ते पाणी फेकायचं, आणि मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. एवढं मला पाठ होतं. एवढंच पाठ असण्यात धोका आहे, हे आईचं म्हणणं.

"तुझ्या कृतीतली पहिली ओळ काय?" आईने विचारलं.

"करांदे सोलून पातळ चकत्या कराव्यात."

"झालं. करांदे ओळखायचे कसे, ते कुठेय?"

"फोटो असणार आहे."

"कशाचा? आत्ता पौषात वेल कुठेय? वाळून कुठल्या तरी झुडपावर दोरा लटकत असेल. आजींना जागा ठाऊक असते, कारण त्यांनी श्रावणात वेल हिरवा पाहिलेला असतो. पान एकेकटं, हृदयाच्या आकाराचं. कोनफळाची पानं समोरासमोर, आणि दांड्याला चार कडा. शेंडवेलीला एका देठावर तीन ते पाच पानं आणि खोडाला काटे. आणि एक आहे, तिलाही काटे, पण पानं नेमाने तीनच. तिला शेंडवेल समजलीस तर?"

"हिस्पिडा," मामा म्हणाला. "तिच्यात डायोस्कोरीन असतं. ते सरळ मेंदूवर जातं. घसा जळतो, ओकाऱ्या होतात, झटके येतात. पण ताई, इंडोनेशियात हीच खातात. गाडुंग म्हणतात, तिचे वेफर करून विकतात. चकत्या, राख, मीठ आणि पुष्कळ दिवस पाणी. डायोस्कोरीन पाण्यात विरघळतं म्हणून जमतं. म्हणजे तुझ्या त्या भयंकर वेलीचीही कृती आहेच!"

"तिथल्या बायकांकडे आहे. दादरच्या बायकांकडे नाही."

मामा हसला. दादरच्या बायका हा आमच्या घरातला जुना विषय आहे, तो इथे नको.

आजींच्या ओट्यावर बसेपर्यंत मामाने आपली बाजू मांडून घेतली. नोंदी ठेवण्याचं काम आपल्याकडे फार उशिरा आणि फार कमी झालं, हे त्याचं दुखणं. 1886 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी गोव्याच्या डॉ. लिस्बोआंनी उपयोगी वनस्पतींची माहिती गोळा केली, त्यात दुष्काळात लोक काय खातात याचीही यादी होती. 1876 ते 78 चा दुष्काळ होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती, तेव्हा ती यादी कशासाठी हे वेगळं सांगायला नको. "पण त्यात कंदांची नावं मिळतात, हात मिळत नाहीत," मामा म्हणाला. "किती वेळ, किती पाणी, कुठली राख. तेच कुणी लिहून ठेवलं असतं तर आज आपण इथे कशाला आलो असतो?"

"आजींना भेटायला," आई म्हणाली.

मग त्याने कसाव्याचं उदाहरण काढलं, आणि ते त्याच्याच अंगलट आलं. आपला उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा. आफ्रिकेत त्याच्या कडू जाती पोटभरीचं अन्न आहे. त्यातून सायनाइड सुटतं, म्हणून भिजवणं, आंबवणं, वाळवणं असं कित्येक दिवस चालतं. 1981 साली मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दुष्काळात हजारावर लोकांचे पाय एकाएकी लुळे पडले, ते कायमचे. त्यात बायका आणि मुलंच जास्त. या रोगाला कोंझो म्हणतात. "पुरतं वाळवलं नव्हतं," मामा म्हणाला. "पायऱ्या गाळल्या. म्हणून म्हणतो, पायऱ्या नेमक्या लिहून ठेवाव्यात."

आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अण्णा, त्या बायकांना कृती येत नव्हती का?"

"येत होती."

"पिढ्यान् पिढ्या करत होत्या ना?"

"हो."

"मग लिहिलेलं नव्हतं म्हणून नाही झालं ते. पोरं भुकेली होती म्हणून झालं. घरात खायला दुसरं काही नाही, आणि कंद आठ दिवस वाळत ठेवायचा. कोण ठेवील? तू त्यांना छापील कागद दिला असतास तरी त्यांनी दोन दिवसांतच काढला असता."

मामाकडे याला उत्तर नव्हतं. मलाही अजून सापडलेलं नाही. विष काढण्याचा बहुतेक भाग म्हणजे थांबणं आहे, आणि थांबायला घरात दुसरं धान्य लागतं. पाककृतीच्या चौकटीत 'साहित्य' या मथळ्याखाली ते लिहिता येत नाही.

पण मामा रसायनशास्त्राचा माणूस. तो गप्प बसला तरी त्याचे हात बसत नाहीत. आजी आत चकत्या करत होत्या, त्यातली एक त्याने उचलली. आत पिवळसर, चिकट. ती त्याने बोटांत फिरवली आणि तो मला समजावू लागला, म्हणजे खरं तर आईला.

"सुरण आणि अळू खाजतं, ते वेगळं. तिथे कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात. त्या पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून आपण चिंच-आमसूल घालतो. करांद्यातलं कडू ही दुसरी गोष्ट. त्याला डायोसबल्बिन म्हणतात. पाण्यात ते डायोस्कोरीनसारखं सहज उतरत नाही. म्हणून इथे राख. चुलीच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, पाणी खाराचं होतं. या रेणूत लॅक्टोनचं कडं आहे, आणि असं कडं खाराच्या पाण्यात उघडतं. उघडलं की रेणू पाण्याशी मैत्री करतो. माझा अंदाज असा की राखेचं काम तेच असणार."

"म्हणजे आजी बरोबर करतात."

"बरोबरच करतात. मी त्यांच्या विरुद्ध कुठे आहे? मी फक्त आकडा मागतोय."

मग तो आकड्याच्या मागे लागला, आणि पुढचा तासभर मी माझ्या मामाला इतका आनंदात कधी पाहिला नव्हता. आजींनी पातेल्यात टाकायला मूठभर राख घेतली, ती त्याने काट्यावर ठेवायला लावली. बासष्ट ग्रॅम. पुन्हा घ्यायला सांगितली. एकेचाळीस. तिसऱ्यांदा पंचावन्न. आजींनी तिन्ही मुठी परत चुलीशी झटकल्या, आणि मग स्वतःच्या हिशेबाने राख पातेल्यात टाकली, ढवळली, बोटं पाण्यात बुडवून एकमेकांवर चोळून पाहिली, आणि आणखी चिमूटभर टाकली. मामाने कागद बुडवला. गडद निळा झाला.

"बोटांनी काय बघितलंत?" त्याने विचारलं.

"बुळबुळ," आजी म्हणाल्या.

खाराचं पाणी हाताला साबणासारखं लागतं. मामाने मान डोलावली आणि वहीत लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाला, "ही लाकडाची राख आहे. कुणी भाताच्या तुसाची घेतली तर? त्यात सगळी सिलिका. पातेलंभर टाकली तरी बुळबुळ यायची नाही. आणि अगरबत्तीची राख टाकणारेही निघतील."

"निघतील," आई म्हणाली. "तुझ्या भाचीने 'चवीनुसार राख' लिहिलं की निघतील."

पुढे चकतीची जाडी आली. इथे मामा स्वतःशीच वाद घालू लागला. आतलं विष बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चकती दुप्पट जाड झाली तर वेळ चौपट. आजींच्या चकत्या आरपार उजेड दिसेल इतक्या पातळ होत्या. माझ्या विळीवर तेवढ्या होणार नाहीत. मी चकत्या त्यांच्या तिप्पट जाड केल्या आणि वेळ त्यांचाच धरला तर? नऊ रात्रींचं काम एका रात्रीत. आणि पाणी वाहतं हवं, कारण साचलेल्या पाण्यात कडू उतरून थोड्या वेळाने चकतीत आणि पाण्यात सारखंच होतं. मग पुढे काही उतरत नाही. ओहोळ दर घटकेला नवं कोरं पाणी देतो. फ्लॅटमधल्या बादलीत ते होत नाही, बादली रात्रीतून दहा वेळा बदलली तर कदाचित होईल.

"मग लिही की दहा वेळा," आई म्हणाली.

"कशाच्या आधारावर लिहू?" मामा चिडून म्हणाला. चिडला होता तो आईवर नाही.

आता मामाची खरी भीती सांगते, कारण ती माझ्या मनातून जात नाही. सगळी पद्धत शेवटी जिभेवर येऊन थांबते : कडू गेलं म्हणजे विष गेलं. मामाला हे मान्य नाही. 1931 साली ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचा रसायनज्ञ एक भुकटी ओतत होता, ती हवेत उडाली. शेजारचा सहकारी कडू कडू म्हणून ओरडला, फॉक्सला काहीच लागलं नाही. पुढे कळलं की ते कडू काही लोकांच्या जिभेला जन्मतःच कळत नाही. "तेव्हा कुणाची जीभ धरायची?" मामा म्हणाला. "आणि डायोसबल्बिन ओकाऱ्या काढून सांगत नाही, ताई. ते यकृतात जातं. आपलं यकृतच त्याची मोडतोड करायला जाऊन त्याला जास्त जहाल करून ठेवतं. चीनमध्ये हाच कंद गलगंडावर औषध म्हणून देतात, आणि त्याने यकृत बिघडलेले रोगी तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलेत. थोडं थोडं राहिलेलं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर जिभेला काय कळणार?"

"औषध म्हणून कंद धुऊन देतात का?" आईने विचारलं.

"नाही. तसा."

"मग तो आजींचा कंद नव्हे."

हे तिचं म्हणणं चलाख होतं, पण पुरं नव्हतं, आणि तिलाही ते कळलं असावं. धुतलेल्यात किती उरतं हा प्रश्न त्याने सुटत नाही. ती जरा वेळाने म्हणाली, "आजी एकट्या चाखून सोडत नाहीत. सासू चाखते, जाऊ चाखते, शेजारीण चाखते, मग पोरांना. एकीला नाही लागलं तर दुसरीला लागतं."

"चार जिभा एकीपेक्षा बऱ्या," मामाने कबूल केलं. "तरी त्या जिभाच."

त्यानेच मग टिवी बेटांची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला समुद्रात ही बेटं आहेत, आणि तिथेही हाच करांदा, हाच कडू, पाण्यात भिजवून आणि भुईत भट्टी करून भाजून खातात. पावसाळा सरताना त्याचा कुलामा नावाचा विधी असतो. तीन दिवस चालतो, त्यात गाणी म्हणतात. आपल्या लोकांशी त्यांचा काही संबंध नाही, तरी दोघांनीही विस्तव आणि पाणी हीच जोडी गाठली, याचं मामाला अप्रूप. आईला अप्रूप गाण्यांचं. "तीन दिवस गाणी म्हणायची म्हटल्यावर घाई कोण करणार?" ती म्हणाली. "अण्णा, ही खरी लिहिण्याची पद्धत." विधी घाई रोखण्यासाठीच असतो असं मी म्हणणार नाही. त्या लोकांना तो वेगळ्याच कारणांसाठी पवित्र आहे. पण आईला जे सुचलं ते ऐकून मामाने वही मिटली, एवढं खरं.

या सगळ्यात आजी एक चकार शब्द बोलल्या नव्हत्या. ज्यांचा कंद, त्यांना आम्ही दोन तास राखेच्या मुठी भरायला लावत होतो. पातेलं उतरवून त्या ओट्यावर येऊन बसल्या तेव्हा मी विचारलं, "आजी, हे लिहावं का आम्ही?"

"कुणासाठी?"

"लोकांनी करून बघावं म्हणून."

"आमच्यात तरी कोन करतंय?" त्या म्हणाल्या. सुनेला वेळ नाही, ती भाजी घेऊन कर्जतच्या बाजारात बसते आणि येताना बटाटे आणते. रेशनचा तांदूळ मिळतो. करांदा खणायचा म्हणजे पहार घेऊन अर्धा दिवस, शिजवायचा म्हणजे एवढं लाकूड, आणि मग रात्रभर ओहोळ. ओहोळ पूर्वी होळीपर्यंत वाहायचा, आता माघातच त्याची डबकी होतात. गेल्या वर्षी त्यांनी एकदाच केला होता. यंदाचा हा पहिला, तोही बाई येणार म्हणून. माझ्या आईला वाडीवर अजून बाईच म्हणतात.

आईचा चेहरा उतरला. ती म्हणत होती ते सगळं आजींच्या हातात आहे म्हणून सुरक्षित आहे, असं तिने धरलं होतं. आणि मामाने याचा फायदा घेतला नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते.

संध्याकाळी टोपली ओहोळात ठेवली, वर दगड. आम्ही आश्रमशाळेच्या खोलीत झोपलो.

सकाळी चकत्या पांढऱ्या पडल्या होत्या. आजींनी एक चावली, थुंकली, टोपली पुन्हा दोनदा खळबळून धुतली, पुन्हा चावली, गिळली. मग आईला दिली. आईने खाल्ली, मला दिली. बटाट्यापेक्षा घट्ट, जवळजवळ बेचव, आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, घशापाशी कडवटपणाची एक आठवण. मिठाबरोबर ती जाते. लहानपणी याच चवीसाठी मी दप्तर टाकून वाडीवर पळत असे.

मामाने हात पुढे केला तर आईने तो धरला. "तू नको."

"का? कालपासून तूच भांडतेयस यांच्या बाजूने."

"तुला कावीळ झाली होती बहात्तर साली."

"म्हणजे विश्वास नाही तुझा!"

"आजींवर आहे. तुझ्या यकृतावर नाही."

तो काही बोलला नाही. त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि चार-पाच चकत्या तिच्यात भरल्या. त्याचा एक जुना विद्यार्थी महाविद्यालयात शिकवतो, त्याच्याकडे यंत्र आहे, बघून देईल म्हणाला. आजी टोपली पालथी घालत होत्या, त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"हे कशाला, भाऊ?"

"तपासायला. कडू किती राहिलंय ते बघतो."

"हे धुतलेलं हाय." आजींनी हात पदराला पुसले. "आधी किती व्हतं त्ये तुमाला कसं कळंल? कच्चा बी न्या संगं. आन् राखंचं पानी मी वतलंय मागं, आळ्यात आसंल थोडं, त्ये बी न्या."

मामा पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एखादी रिकामी बाटली आहे का गं?"

मी गाडीकडे पळाले. पाककृतीची चौकट त्या महिन्याच्या अंकात गेली नाही. तिच्या जागेसाठी संपादकांना हेच पाठवलंय, अडीचशे शब्दांचे बरेच जास्त झाले. बाटली मिळाली तेव्हा मामा आजींच्या घरामागे केळीच्या आळ्याशी गुडघ्यांवर बसला होता, आणि ते राखेचं पाणी कुठून, किती खोलातून घ्यायचं, ते आजी त्याला बोटाने दाखवत होत्या.